पाटलांची लॉरा आणि शकुताईंची बिलं

"ऐका, ऐका आता. सुरू केली बघा... हं. थांबली खडखड."

"रोजचंच आहे हो ते. पाटलांचा विकी कामावर निघाला म्हणायचं. आमचा ओंकार म्हणतो, आई, स्पोर्टी आवाज आहे."

"स्पोर्टी? वहिनी, मागून सायलेन्सरमधून येतो तो स्पोर्टी. हा पुढून यायलाय, बॉनेटखालून. तोही फक्त गार इंजिनावर, पहिले दोन-तीन सेकंद. याला आमच्या गॅरेजात साठ हजारांचा आवाज म्हणायचे."

प्रतिभावहिनींनी हातातली धुण्याची बादली खाली ठेवली.

सिडकोतल्या या रो-हाउसांच्या मधल्या भिंती कोपर टेकायच्या उंचीच्याच बांधल्यात. शकुताई चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका गॅरेजात हिशेबाला होत्या. झेक, जर्मन गाड्यांची बिलं करता करता निवृत्त झाल्या. स्वतःला गाडी येत नाही, पण कुठल्या गाडीचं काय जातं आणि जाताना किती घेऊन जातं, ते तोंडपाठ. विकीची लॉरा आरएस विकायला निघालीय हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. गिऱ्हाईक वहिनींच्या घरातलं आहे, हे अजून नव्हतं.

"साठ हजार? नुसत्या आवाजाचे?"

"टायमिंग चेनचे. बघा, इंजिनात वर कॅम, खाली क्रँक. दोघांचा मेळ ती साखळी घालते. साखळी सैल पडू नये म्हणून एक दट्ट्या असतो, टेन्शनर. तो चालतो तेलाच्या दाबावर. रात्रभर गाडी उभी राहिली की तेल खाली उतरतं, दाब जातो. मग सकाळी दाब येईपर्यंत त्या टेन्शनरमधली एक खाच साखळी धरून ठेवते. या १.८ टीएसआय इंजिनाच्या जुन्या टेन्शनरची ती खाचच दगा देते. कंपनीनं मागाहून सुधारलेला टेन्शनर काढला, पण विकीची २०१२ ची आहे. त्या वेळच्या गाडीत जुना बसलाय का नवा, ते बघितल्याशिवाय नाही कळायचं."

"आणि नाही बघितलं तर?"

"तर एक दिवस साखळी दात चुकते. व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात. मग हेड उतरवा, व्हॉल्व्ह बदला, कधी पिस्टनही. ते बिल मी दोन पानांवर लिहायची. आणि आपली लोकं काय करतात? चढावर गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवतात आणि हँडब्रेक लावत नाहीत. गाडी मागं रेलली की इंजिन उलटं ढकललं जातं, तेवढ्यानंही साखळी सुटलेल्या गाड्या टोचन लावून आल्यात आमच्याकडं."

"तो तर पाटलांच्या रॅम्पवर रोज तशीच लावतो."

"म्हणून तर मी ऐकायले रोज."

वहिनी जरा थांबल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "चार लाख वीस हजार म्हणतोय तो. ओंकारचं म्हणणं, सव्वापंधरा लाखांची गाडी आपल्याला चारात पडायलीय."

"हां! म्हणजे ओंकार होय गिऱ्हाईक! मला वाटलं तो नुसता बघायला जातो. बरं, सव्वापंधरा लाख खरं आहे. २०११ साली आरएस आली तेव्हाची शोरूमची किंमत. पण वहिनी, उतरली ती गाडीची किंमत. आपण चार लाखांच्या गाडीत बसलोय हे वॉटर पंपाला कुठं माहितीय? त्याची किंमत दरवर्षी वाढतच गेली."

"आपल्या इथंच तर तयार व्हायच्या ना लॉरा, शेंद्र्याला? पार्ट स्वस्त मिळायला पाहिजेत."

"जुळवायचे इथं. सुटे भाग यायचे तिकडून, खोक्यांतून. आपल्या गावाला त्या गाडीचा अभिमान किती! पण बिलावर अभिमानाची सूट नव्हती कधी."

आतून वहिनींच्या 'ह्यां'चा आवाज आला, "डिझायर घे म्हणलं होतं त्याला!"

"तुम्ही पेपर वाचा हो," म्हणून वहिनी परत भिंतीला टेकल्या. "आणखी काय जातं ताई?"

"तेल पिते."

"पेट्रोल?"

"पेट्रोल सगळ्याच पितात. ही इंजिन ऑइल पिते. पिस्टनला रिंगा असतात. त्यातली एक तेल खरडून परत खाली सोडायची. या पिढीच्या इंजिनात ती रिंग बारीक केली, परतीची भोकंही बारीक केली. का, तर घर्षण कमी व्हावं. झालंही कमी. पण चहाची गाळणी चोंदावी तशी ती भोकं काजळीनं चोंदतात, आणि तेल वरच राहून पेट्रोलबरोबर जळतं. गंमत म्हणजे कंपनीच्या पुस्तकातच लिहिलेलं आहे, हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत तेल लागू शकतं म्हणून. तेवढ्याला बिघाड म्हणायचाच नाही. आता हजार किलोमीटर म्हणजे काय? दोनदा पुण्याला जाऊन यायचं, झालं. इंजिनात तेल मावतं सगळं मिळून साडेचार लिटरच्या आसपास. न बघता गाडी हाकणाऱ्यानं कधी आणि किती पळवली की कोरडी, करा हिशेब."

"मग ते ऑइल टाकायचं मधे-मधे. त्यात काय?"

"टाकायचं. डिकीत एक लिटरचा डबा ठेवायचा, पेट्रोल भरताना काडी काढून बघायची. अशा लोकांच्या गाड्या चालतात, मी नाही म्हणत नाही. आमच्याकडं एक प्राध्यापक यायचे, त्यांच्या गाडीत वहीच होती त्याची. पण विकीला काडी कुठं असते ते तरी माहितीय का? आणि रिंगा बदलायची वेळ आली, तर इंजिन पूर्ण खोलावं लागतं. दीड लाखाच्या खाली मी ते बिल केलं नाही. दोनाच्या वरही केलंय. चार लाखांच्या गाडीला दोन लाखांचं इंजिनकाम! पुष्कळ गाड्या तिथंच यायच्या विकायला. धूर दिसायच्या आत."

"म्हणजे विकायला निघालेली गाडी..."

"मी काही म्हणलं का? मी इंजिनांबद्दल बोलायले."

पण वहिनींना आता दिवाळीतलं काहीतरी आठवलं. "ताई, दिवाळीत नाही का, तो पुण्याहून मुलगा आला होता लॅपटॉप घेऊन? दोन तास गाडीत बसला होता. मला वाटलं एसीचं काम असेल."

"एसीचं काम लॅपटॉपवर? मॅप बदलून घेतला असेल. गाडीच्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर हो. टर्बो जास्त हवा ढकलतो, पेट्रोल जास्त पडतं, आणि कंपनीची १६० हॉर्सपॉवरची गाडी दोनशेच्या पुढं जाते. पोरांना वाटतं फुकट मिळालं. ते चाळीस घोडे शेवटी क्लचच्याच छातीवर नाचतात. या आरएसला हाताचा गिअर, सहा गिअर. फ्लायव्हील दोन थरांचं, मधे स्प्रिंगा. क्लच प्लेट एकटी बदलून भागत नाही, फ्लायव्हीलही गेलेलं असतं बहुतेक वेळा. सत्तर-ऐंशी हजार धरून चाला. त्यातही गिअरबॉक्स उतरवायची मजुरी एकदाच द्यायची तर दोन्ही एका वेळीच करावं लागतं. गिऱ्हाईक म्हणायचं, नुसती प्लेट टाका. टाकायचे आमचे लोक. सहा-आठ महिन्यांनी तेच गिऱ्हाईक, तीच गिअरबॉक्स, मजुरी दुसऱ्यांदा."

"आणि तुम्ही बिल करायच्या."

"मी बिल करायचे आणि वर चहा द्यायचे."

दोघी हसल्या. वहिनींनी एक चादर झटकून दोरीवर टाकली आणि त्या आडून म्हणाल्या, "ताई, एक सांगू? ह्यांना सांगू नका. ओंकारनं बयाणा दिलाय. अकरा हजार."

शकुताई काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आधी का नाही सांगितलं? मी मघापासून नका घेऊ, नका घेऊ करून दाखवायले. आता कशी घ्यायची ते सांगावं लागेल. कागद बघितले का त्यानं?"

"आरसी बघितली म्हणतो."

"कुणाच्या नावावर?"

"ते नाही विचारलं मी."

"नंबर एमएच-१२ चा आहे. पुण्याच्या मालकाकडून घेऊन विकीला दोन वर्षं झाली, आणि मला पाटीलवहिनीच म्हणाल्या होत्या संक्रांतीला, नावावर करायची राहिलीय. कायद्यानं घेणाऱ्यानं ३० दिवसांत करायची असते. म्हणजे ओंकार पैसे देणार विकीला, आणि सही लागणार पुण्यातल्या तिसऱ्याच माणसाची. दुसरं, २०१२ ची गाडी म्हणजे २०२७ ला पंधरा वर्षं पूर्ण. आरसी नव्यानं करायला २०२२ पासून पाच हजार झालेत, आधी सहाशेत व्हायचं. वर पर्यावरण कर, वर फिटनेसची तपासणी. त्या तपासणीत मॅप बदललेली, धूर सोडणारी गाडी कशी दिसेल, सांगा."

"बाई! हे तर त्याच्या डोक्यातच नसेल."

"नसतंच. त्यांच्या डोक्यात पिकअप असतो. आणि खरं सांगू का, पिकअप आहेच तसा. मी एकदा बसलेय असल्या लॉरात. आमच्या मालकांनी काम झालेली गाडी ट्रायलला काढली, मला घरी सोडतो म्हणाले. बीड बायपासला त्यांनी तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला. वहिनी, हातातली पर्स मागच्या सीटवर! टर्बोची गाडी पंधराशे आरपीएमलाच पूर्ण ताकद देते, वाट बघायला लावत नाही. त्या दिवसापासून मी त्या पोरांना नावं ठेवत नाही. गाडीवर माझा राग नाहीच. राग आहे बिन-बिलाच्या गाडीवर."

"बिन-बिलाची म्हणजे?"

"म्हणजे जिची फाइल नाही. लोक विचारतात, किती चाललीय? विकीनं सांगितलं असेल..."

"७२ हजार."

"मीटरवर. मीटर मागं फिरवणारे आपल्या गावात कमी नाहीत. किलोमीटर खरा असतो तो बिलावर, कारण आम्ही गाडी आत घेतानाच तो लिहून घेतो. चौदा वर्षांच्या गाडीची बिलं तारखेनं लावली की सगळी जन्मकथा निघते. टायमिंग चेन कधी केली? वॉटर पंप कधी? तेल दर दहा हजाराला बदललं का पंधरा-वीसला? दोन लाख किलोमीटर चाललेली पण फाइलवाली गाडी मी ओंकारला डोळे झाकून घे म्हणेन. ७२ हजारवाली बिनफाइलची नको."

"वॉटर पंपाचं मघाशी राहिलं."

"प्लॅस्टिकचा असतो हो, घर त्याचं. थर्मोस्टॅटसकट एकच तुकडा. इंजिनाच्या उष्णतेनं वर्षानुवर्षं भाजून त्याला चीर जाते, जोडातून झिरपतो. जमिनीवर थेंब पडेलच असं नाही, गरम इंजिनावरच वाळून जातो. मागं गुलाबी पापुद्रा राहतो, कूलंटचा रंग तो. तो दिसला की समजायचं. तीसेक हजार. आणि करायचंच. कूलंट कमी होऊन इंजिन तापलं तर हेड वाकतं, मग तीस हजार आठवून आठवून रडायचं."

"पाणी टाकतात ना लोक त्यात. बिसलरीची बाटली घेऊन उभा असतो विकी कधी-कधी."

"बिसलरी! वहिनी, हे तुम्ही मला आधीच सांगायला पाहिजे होतं." शकुताईंनी भिंतीवर बोटानं काहीतरी बेरीज केल्यासारखं केलं. "बरं. चेन साठ. पंप तीस. कॉइल चार, प्रत्येकी तीन हजाराच्या आसपास, त्या किरकोळ, धरूच नका. एक पीसीव्ही म्हणून डबी असते वर, इंजिनातली वाफ परत आत नेणारी. तिच्यातला रबरी पडदा फाटला की शिट्टी वाजते आणि चालू गाडीत ऑइलचं झाकण ओढता ओढत नाही. ते बारा-पंधरा. मग कार्बन."

"कार्बन म्हणजे काजळी ना?"

"हो. पूर्वीच्या गाडीत पेट्रोल व्हॉल्व्हवरून वाहत जायचं, व्हॉल्व्ह आपोआप धुतले जायचे. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतात, व्हॉल्व्हला त्याचा थेंब लागत नाही. तेलाची वाफ मात्र लागते. ती जळून जळून डांबर होतं. सकाळी गाडी थरथरते, पिकअप मरतो. ते काढायला काय मारतात माहितीय? अक्रोडाच्या टरफलाचा भुगा. हवेच्या दाबानं. टरफल काजळी खरवडतं पण धातूला ओरखडा काढत नाही."

"अक्रोडाच्या? गर कोण खातं मग?"

"ते बिलात नसायचं."

आतून परत, "डिझायर!"

"आणि ताई, ते ऑटोमॅटिकचं काय? आधी ओंकार पोलो बघत होता, जीटी. मग २०१७ ची ऑक्टाव्हिया आरएस बघून आला, तिचे भाव ऐकून गप्प बसला."

"ऑक्टाव्हियाचं इंजिन पुढच्या पिढीचं, पुष्कळ सुधारलेलं. तिचा गिअरबॉक्स सहाचा, तेलात बुडालेल्या क्लचचा. दर साठ हजाराला त्याचं तेल बदललं तर फार त्रास देत नाही. न बदललेलं असलं तर पळायचं. पोलो जीटीचा सातचा, कोरड्या क्लचचा. ट्रॅफिकमध्ये गोगलगायीसारखी चालवली की तापतो, आणि त्याचा मेंदू, मेकाट्रॉनिक म्हणतात, तो गेला की दीड-दोन लाख. त्या गिअरबॉक्ससाठी २०१३ साली जगभरातून सोळा लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या होत्या कंपनीनं. आतलं सिंथेटिक तेल गरम, दमट हवेत इलेक्ट्रिकचा घोटाळा करायचं, ते काढून साधं मिनरल तेल भरून दिलं. त्या मानानं विकीचा हाताचा गिअर हीच त्या गाडीतली सगळ्यात चांगली गोष्ट. ती मात्र ओंकारनं बरोबर हेरली."

वहिनींचा चेहरा पहिल्यांदा जरा खुलला. "मग आता काय करू सांगा. बयाणा सोडायचा का?"

"बयाणा कशाला सोडता? उद्या रविवार आहे. ओंकारला सकाळी सातला पाठवा, न सांगता. बॉनेटला हात लावायचा. गार असला तरच सुरू करायला सांगायची. विकीनं आधीच तापवून ठेवली असेल तर म्हणायचं, दुपारी येतो, आणि यायचं दुसऱ्या दिवशी सकाळी. खडखड मोबाइलमध्ये रेकॉर्ड करायची. मग काडी. मग झाकण. मग चालवताना पाचव्या गिअरमध्ये पन्नासला एकदम पाय दाबायचा. आरपीएमचा काटा उडाला आणि गाडी तिथंच राहिली, तर क्लच घसरायलाय. खड्ड्यातून न्यायची मुद्दाम, खड्डे शोधायला आपल्याला लांब जायला नको. पुढून कटकट आली तर लोअर आर्मचे बुश, शॉकअप. पन्नास हजारांत सगळं बसतं. आणि शेवटी आमच्या जुन्या गॅरेजात लिफ्टवर चढवायची. टेन्शनर बघायला पुढच्या झाकणात एक रबरी बुच असतं, ते काढून टॉर्च मारली की नवा का जुना कळतं. स्कॅनर लावतील, मॅप बदललाय का तेही सांगतील. माझं नाव सांगा, तपासणीचे घेतील ते पैसे, पण खोटं नाही सांगायचे."

"आणि भाव?"

"चेन साठ, पंप तीस, पीसीव्ही पंधरा, कार्बन पंधरा, टायर तर गुळगुळीत झालेत, मी भिंतीवरून बघितलंय. क्लच घसरत असला तर ऐंशी वेगळे. तेल पिते का, हे एका दिवसात कळत नाही, म्हणून त्याचे पन्नास हजार भीतीचे. चार वीसमधून वजा करा."

"ताई, ते तर पावणेदोन-दोन लाखांवर येतं."

"येतं. तेवढ्यात तो देणार नाही. अडीचला सुरुवात करा, तीनच्या वर जाऊ नका. आणि नाव पुण्याच्या माणसाकडून थेट ओंकारच्या नावावर झाल्याशिवाय उरलेले पैसे नाही. विकी रुसेल चार दिवस. रुसू द्या, दुसरं गिऱ्हाईक हा आवाज ऐकून परतच जाणार आहे. परवाच एकजण बघून गेला, दहा मिनिटांत."

"तुम्ही होता तिथं?"

"मी इथंच होते, कढीपत्ता तोडत. तो माणूस जाताना मला विचारत होता, मावशी, ही गाडी रोज अशीच सुरू होते का?"

"मग तुम्ही काय म्हणलं?"

"खरं तेच. म्हणलं, बाळा, मी काही गाडीतली नाही, पण टायमिंग चेन बघून घे... अगं बाई, वहिनी, नळाचा आवाज आला का? पाणी सुटलं! आज सातव्या दिवशी आलंय, मोटर लावा आधी. ओंकारला म्हणावं सात वाजता, साडेसात नाही. विकी रविवारी सव्वासातला दूध आणायला तीच गाडी काढतो."